गेलेल्यांची घरं, आलेल्यांच्या खोल्या : ग्वांगझू ते शेनझेन गटसहल कशी आखावी

ही सहल मुंबईतल्या माझगावात सुरू होते. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडला उतरायचं आणि नवाब टँक रोडवरचं ‘सी यप कून’ विचारत जायचं. दुमजली, आजूबाजूच्या इमारतींत सहज हरवून जाईल असं घर. बांधलं १९१९ साली, इथल्या गोदीत उतरणाऱ्या चिनी खलाशांनी. वरच्या मजल्यावर क्वान कुंग, म्हणजे शौर्य आणि न्यायाचा देव. ‘सी यप’ म्हणजे चार तालुके: दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातले तायशान, कायपिंग, एनपिंग आणि शिनहुई. ‘कून’ म्हणजे त्या चार तालुक्यांतल्या माणसांची परगावातली बैठक. गिरणगावात एकेका गावची ‘गावकीची खोली’ असायची ना, भाडं सगळ्यांनी मिळून भरायचं आणि गावाहून आलेल्याने पहिली वळकटी तिथे टाकायची, तशीच गोष्ट. फक्त इथे देवही सोबत आला.

या खोलीतले लोक ज्या गावांहून निघाले त्या गावांना जायचं, आणि तिथून पुढे ज्या शहरात आज कोट्यवधी माणसं वळकटी टाकतात त्या शेनझेनला. एकीकडे गेलेल्यांनी पाठवलेल्या पैशांतून उठलेली घरं, दुसरीकडे आलेल्यांसाठी उठलेल्या खोल्या. चीनची आजची वास्तुकला उंच काचेच्या बुरुजांतून जेवढी कळते त्याहून या दोन टोकांमध्ये जास्त कळते, असं माझं मत आहे, आणि खालचा आराखडा त्याच मताने बेतलेला आहे. भिंत, टेराकोटाचं सैन्य आणि शांघायची रोषणाई ज्यांना हवी आहे त्यांच्यासाठी पॅकेज टूर आहेत, त्या वाईट नसतात.

गट बांधा, पण लहान

बारा ते चौदा माणसं. त्याहून जास्त झाली की शेनझेनच्या बोळात रांग लागते आणि पुढच्याने काय पाहिलं ते मागच्याला कळेपर्यंत पुढचा चहाला गेलेला असतो. आमच्या गटात दोन आर्किटेक्ट, एक निवृत्त पोस्टमास्तर, एक बांधकामावरचे सुपरवायझर, शिक्षिका आणि देवरुखच्या एक काकू होत्या. असा मिसळ गट असावा. निव्वळ आर्किटेक्टांचा गट दर्शनी भाग पाहतो, भाडं किती हे विचारतच नाही.

कामं वाटून घ्या: एकाकडे तिकिटं आणि पासपोर्ट, एकाकडे पैसे, एकाकडे जेवण आणि औषधं. आणि एक ‘शेपटी’ हवीच, म्हणजे सगळ्यांच्या मागे चालणारा माणूस. शेपटी नसेल तर मेट्रोत कुणीतरी राहतं.

निघण्याआधी महिनाभर दर रविवारी दोन तास भेटा. पहिला रविवार माझगावला. मंदिराची देखभाल करणाऱ्यांना आधी निरोप द्या, चपला काढा, आरडाओरडा नको. तिथल्या काड्या हलवून भविष्य पाहण्याची पद्धत बघा आणि १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या चिनी कुटुंबांचं काय झालं तेही त्या दिवशी वाचून जा. सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं होतं, कित्येक जण नंतर देश सोडून गेले. मुंबईतला चिनी समाज इतका लहान का, याच्या उत्तराचा एक मोठा भाग त्यात आहे.

दुसऱ्या रविवारी नकाशा. तिसऱ्या रविवारी तीन वास्तुकारांची ओळख: आय. एम. पेई, वांग शू आणि ल्यू जियाकुन. पेई १९१७ साली ग्वांगझूतच जन्मले, १९३५ मध्ये शिकायला अमेरिकेला गेले आणि तिथलेच झाले. वांग शू हे प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतला सर्वांत मानाचा समजला जाणारा पुरस्कार, मिळालेले पहिले चिनी नागरिक, २०१२ साली. पूर्व चीनमधल्या निंगबो शहराच्या इतिहास संग्रहालयाच्या भिंतीत त्यांनी पाडलेल्या गावांच्या विटा आणि कौलं रचली. ल्यू जियाकुन यांना तोच पुरस्कार २०२५ साली. या तिघांचं काम या सहलीत दिसणार नाही, पण वांग शूंच्या भिंतीचा फोटो एकदा नीट पाहून ठेवा. शेनझेनमध्ये तो पुन्हा पुन्हा आठवतो.

कागदपत्रं, तिकिटं, फोन

भारतीय पासपोर्टला चीनचा व्हिसा लागतो. पारगमनाची (ट्रान्झिटची) जी बिनव्हिसा सवलत इतर अनेक देशांना आहे तिच्यात आपण नाही, त्यामुळे यूट्यूबवर युरोपियन प्रवाशाचं ऐकून बॅग भरू नका. दीड-दोन महिने हातात ठेवा आणि हॉटेलची बुकिंगं व दिवसवार आराखडा अर्जाला जोडा. परतीला हाँगकाँग घालायचं असेल तर भारतीयांसाठी तिथली आगाऊ ऑनलाइन नोंदणी वेगळी करावी लागते. चीनमधून हाँगकाँगला जाऊन परत चीनमध्ये यायचा बेत असेल तर दोन प्रवेशांचा व्हिसा मागा. हे विसरलेला माणूस मला भेटला आहे, सीमेवर, एकटा.

पाच वर्षांच्या खंडानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झाली, आधी कोलकाता ते ग्वांगझू आणि मग दिल्ली ते ग्वांगझू. मुंबई-पुण्याच्या गटाला दिल्लीमार्गे किंवा हाँगकाँगमार्गे, जे स्वस्त पडेल ते.

रेल्वेच्या तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं, कारण तिकीट म्हणजे पासपोर्टच. आमच्या एका ताईंच्या पासपोर्टवर लग्नाआधीचं आडनाव होतं आणि यादी करणाऱ्याने (म्हणजे मी) सवयीने सासरचं टाकलं. स्टेशनवर पंचवीस मिनिटं गेली, गाडीही गेली. यादी पासपोर्टच्या फोटोवरून करा, ओळखीवरून नको.

रोख रक्कम थोडीच ठेवा. तिथे भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेते. अलीपे किंवा वीचॅटला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडता येतं, ते भारतातून निघण्याआधी जोडा, कारण ओळख पडताळणीचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. गूगल आणि व्हॉट्सॲप स्थानिक इंटरनेटवर चालत नाहीत, भारतीय सिमच्या रोमिंगवर किंवा परदेशी ई-सिमवर साधारणपणे चालतात. नकाशासाठी तिथलंच ॲप घ्या.

दुभाषा हा खर्च वाचवायचा नाही. त्यातही एक खोच आहे. कायपिंगच्या खेड्यातले म्हातारे जी बोली बोलतात ती बीजिंगच्या माणसाला कळत नाही, ग्वांगझूच्या माणसालाही धड कळत नाही. कायपिंगचे दोन दिवस तिथलाच माणूस शोधा. आम्ही आधी शेनझेनच्या एका मुलीला घेऊन गेलो होतो. पहिल्या आजीबाईंशी बोलल्यावर ती आमच्याकडे वळून म्हणाली, “मलाच दुभाषा लागेल.”

कधी जायचं

नोव्हेंबर आणि डिसेंबर. उन्हाळ्यात वादळं येतात, आणि वसंताच्या सुरुवातीला दक्षिणेत अशी दमट हवा पडते की भिंतींना आणि फरशीला पाणी सुटतं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा राष्ट्रीय सुट्टीचा, तो टाळाच. चिनी नववर्षाच्या आसपासही जाऊ नका. चाळीस दिवस सगळा देश गावाला जातो आणि गावाहून परततो, आणि गणपतीत कोकणात निघालेल्या चाकरमान्यांनी लालबाग रिकामं व्हावं तसं शेनझेन रिकामं होतं. ते पाहणं हा वेगळा अनुभव आहे, पण त्या दिवसांत चौदा माणसांना एकत्र तिकीट मिळत नाही.

पहिला मुक्काम ग्वांगझू, दोन रात्री

सकाळी चेन कुळाचं सभागृह. पर्यटक तिथे छपरावरची मातीची चित्रं बघतात, ती सुंदर आहेतच. तुम्ही मात्र इमारत कशासाठी होती ते विचारा. १८९४ साली पूर्ण झालेली ही वास्तू ग्वांगडाँगच्या ७२ तालुक्यांतल्या चेन आडनावाच्या लोकांनी वर्गणी काढून बांधली. गावाकडची हुशार पोरं सरकारी परीक्षेला शहरात आली की त्यांना राहायला जागा हवी होती. आपल्याकडच्या जातवार बोर्डिंगांची आठवण येते. १९०५ मध्ये त्या परीक्षाच बंद झाल्या, आणि बांधून अकरा वर्षंही होत नाहीत तोच इमारतीचं मूळ काम संपलं. तिथे मग शाळा भरली.

तिथून एनिंग रोडला या. फुटपाथवर वरचा मजला पुढे आलेला आणि खाली खांबांची ओळ, अशी दुकान-घरं तिथे सलग आहेत. स्थानिक नाव ‘छीलौ’. पावसात न भिजता बाजार करता येतो. हेच घर सिंगापूरला गेलं, पेनांगला गेलं, तिथून बदलून परतही आलं. आणि कायपिंगमध्ये ते पुन्हा भेटणार आहे.

दुपारी झुजियांग न्यू टाउन, शहराचा नवा भाग. वास्तुकार झाहा हदीद यांचं ऑपेरा हाउस, रॉक्को यिम यांचं ग्वांगडाँग संग्रहालय आणि नदीपलीकडचा ६०० मीटरचा कँटन टॉवर ही सगळी २०१० ची, आशियाई स्पर्धांच्या वर्षातली. ऑपेरा हाउस म्हणजे नदीच्या पाण्याने घासलेले दोन गोटे अशी कल्पना. जवळ जाऊन दगडी आवरणाचे सांधे बघा. आमचे सुपरवायझर तिथे अर्धा तास थांबले आणि “वळणावर दगड असा बसवणं सोपं नाही, पण हे घाईत झालंय” एवढंच म्हणाले.

याच भागात लीडे नावाचं गाव होतं, शहराने चहूबाजूंनी वेढलेलं. ते पाडून तिथे उंच मनोरे उभे राहिले आणि मूळ गावकऱ्यांना त्यांत घरं मिळाली. कुळांची देवघरं नव्याने बांधून एका ठिकाणी आणली. गावकऱ्यांकडे भाड्याने राहणाऱ्या बाहेरगावच्या लोकांना मात्र पुनर्वसनात काही नव्हतं. हे वहीत लिहून ठेवा, चार दिवसांनी लागेल.

१९३८ च्या सप्टेंबरमध्ये द्वारकानाथ कोटणीस आणि त्यांचे चार सहकारी डॉक्टर मुंबईहून बोटीने आले ते याच शहरात उतरले. सोलापूरचा कुणी गटात असेल तर तो नदीकाठी थोडा वेळ मागेल, द्या.

कायपिंग, दोन रात्री

हा सहलीचा गाभा. ग्वांगझू साउथ स्टेशनवरून कायपिंग साउथला जलद गाडीने तासाभराचा प्रवास. खाली उतरल्यावर दोन दिवसांसाठी मिनीबस ठरवा, कारण गावं पांगलेली आहेत.

आधी बसमध्येच पाच मिनिटांत एवढं सांगा. १८४९ च्या आसपास कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि या चार तालुक्यांतले पुरुष निघाले. सोनं संपलं तेव्हा रेल्वेमार्ग बांधले, मग धोबीकाम केलं, खानावळी चालवल्या. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केलं आणि ते १९४३ पर्यंत बंदच ठेवलं. आधीच तिथे असलेला मजूर बायकोमुलांना नेऊ शकत नव्हता. मग कमावलेल्या पैशाचं करायचं काय? गावी पाठवायचे, आणि गावी घर बांधायचं. पैशांबरोबर पत्रं येत, त्यांना ‘रुप्याची पत्रं’ म्हणत. २०१३ मध्ये युनेस्कोने या पत्रांची जागतिक स्मृतिनोंद केली. आमचे पोस्टमास्तर हे ऐकून म्हणाले, “म्हणजे मनिऑर्डरच की, खालच्या चार ओळींच्या मजकुरासकट.” रत्नागिरीत त्यांनी तीस वर्षं तीच वाटली होती.

पैसा आला तसे दरोडेखोरही आले, शिवाय सखल भाग असल्याने दर पावसाळ्यात पूर. म्हणून घर उंच झालं, भिंत जाड झाली, खिडकीला लोखंडी झडप आली. या बुरूजघरांना ‘द्याओलौ’ म्हणतात. आज अशी १,८३३ घरं शिल्लक आहेत, आणि २००७ पासून त्यांतली निवडक गावं जागतिक वारशात आहेत. १९२२ च्या डिसेंबरात इथल्याच छिकान गावातल्या शाळेवर दरोडा पडला, मुख्याध्यापक आणि मुलांना पळवून नेत असताना एका द्याओलौच्या प्रकाशझोतात टोळी दिसली आणि गावकऱ्यांनी त्यांना सोडवलं. त्यानंतर बांधकामांना जोर आला.

पहिल्या दुपारी झिली गाव. भातशेती आणि कमळांची तळी, मध्ये नऊ बुरूजघरं आणि सहा बंगले. मिंगशी लौ हे घर आतून पाहता येतं आणि फर्निचर बरंचसं जागच्या जागी आहे. जिने उभे आणि अरुंद आहेत, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालचे दोन मजले आणि अंगण बघावं, काही चुकत नाही. वर जाणाऱ्यांनी एकेका मजल्यावर थांबून पुढच्या तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, भिंत. बोटाने टिचकी मारा. सिमेंट आणि लोखंड बाहेरून आलं होतं. सिमेंटला इथले लोक ‘लाल केसवाल्यांची माती’ म्हणत, कारण ते युरोपियनांकडून आलं. आज ज्याला आपण आरसीसी म्हणतो ते या खेड्यांत शंभर वर्षांपूर्वी शेतातून उगवलं, कुणा सरकारी योजनेतून नव्हे.

दुसरी, खिडकी. गज, मग काच, मग लोखंडी झडप, असा क्रम दिसेल. वरच्या कोपऱ्यांना बाहेर आलेले गोल सज्जे आहेत, त्यांना तिथले लोक पाकोळीची घरटी म्हणतात. त्यांच्या तळाला भोक असतं. खाली दाराशी कोण आहे ते बघायचं, आणि गरज पडली तर बंदूकही तिथूनच.

तिसरी, माथा. इथे गंमत आहे. खाली कोरडी, जवळजवळ तुरुंगासारखी भिंत, आणि वर रोमन कमानी, घुमट, ग्रीक खांब आणि त्यांच्या मध्येच नशिबाची चिनी चिन्हं. मालकाने परदेशात पाहिलेलं, चित्रात पाठवलेलं, आणि गावच्या गवंड्याने आपल्या हाताने समजून घेतलेलं. शास्त्रशुद्ध वास्तुकलेच्या दृष्टीने खिचडी, पण माझ्या लेखी वांद्र्याच्या नव्या टॉवरांवरच्या प्लास्टरच्या रोमन खांबांपेक्षा कितीतरी प्रामाणिक खिचडी. हा खर्च शेजाऱ्यांना दिसावा म्हणून होता, आणि ते लपवायचा प्रयत्नही नाही.

गच्चीवर गेल्यावर फोटो काढून झाले की गटाला पाच मिनिटं गप्प बसवा. खाली किती घरांना कुलूप आहे ते मोजायला सांगा. आम्ही मोजत असताना देवरुखच्या काकू म्हणाल्या, “आमच्या वाडीत पण असंच. बारा घरं, सात कुलपं. गणपतीत उघडतात.” दुभाष्याने ते तिथल्या राखणदाराला सांगितलं. त्याने हात हलवला आणि बोट उत्तरेकडे केलं: त्याची दोन्ही मुलं कॅनडात, दर वर्षी येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माजियांगलाँग, बांबूच्या बनात दडलेलं. इथे गर्दी कमी असते आणि दोन घरांमधल्या वाटांवरून नुसतं चालणं हाच कार्यक्रम. मग जिनजियांगली, तिथला नऊमजली रुईशी लौ १९२० च्या दशकातला. वेळ उरला तर सानमेनलीचा यिंगलाँग लौ जरूर: मिंग राजवटीच्या काळातला (चौदावं ते सतरावं शतक), जाड विटांचा, ठेंगणा. परदेशी पैसा येण्याआधी बुरूजघर कसं होतं ते त्याच्याकडे बघून कळतं. ली युआन नावाची बाग, अमेरिकेहून परतलेल्या श्रीमंताने १९२६ ते १९३६ मध्ये केलेली, टूरवाल्यांना फार आवडते. मला ती एका तासापेक्षा जास्त वेळाची वाटत नाही.

संध्याकाळी छिकान. नदीकाठी छीलौंची लांब रांग, दोन मोठ्या कुळांची, क्वान आणि सीतू यांची, एकमेकांना टक्कर देणारी दोन वाचनालयं. हे गाव राहत्या लोकांना हलवून, डागडुजी करून २०२३ मध्ये तिकीट लावून उघडलं. रोषणाई झकास आहे. पण कुठल्याच गॅलरीत वाळत घातलेला कपडा दिसणार नाही, आणि तेवढ्यावरून बाकीचं ओळखायचं. गटात इथे भांडण होऊ द्या. आमच्यात झालं: एक बाजू म्हणे नाहीतर पडलंच असतं, दुसरी म्हणे पडलेलं बरं. जेवणावर मिटलं नाही.

पाण्याखालून शेनझेनला

पाचव्या दिवशी रेल्वे सोडा आणि तीच मिनीबस पुढे न्या. झाँगशानहून शेनझेनला जाणारा २४ किलोमीटरचा पूल आणि समुद्राखालचा बोगदा जून २०२४ मध्ये सुरू झाला. नदीच्या मुखावरचा पूल चढताना डावी-उजवीकडे पाहत राहा. सकाळी भातशेतीत असलेला गट दुपारी शेनझेनमधल्या शेकौच्या बंदरात जेवतो.

शेनझेन, तीन रात्री

१९७९ मध्ये इथे तीन लाखांच्या आसपास वस्ती होती, भाताची शेतं, मासेमारी आणि हाँगकाँगच्या सीमेवरचं एक बाजारगाव. ऑगस्ट १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झालं. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ७५ लाखांवर. म्हणजे इथे ‘मूळचा कुठला?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला विचारता येतो. ‘आलात की शेनझेनचे झालात’ अशी शहराची घोषणा आहे. कागदोपत्री ते तितकं सोपं नाही. चीनमध्ये प्रत्येकाची घरनोंद, ‘हुकौ’, असते आणि मुलांची शाळा, काही सोयी त्या नोंदीला बांधलेल्या असतात. शहरातल्या बहुतेकांची नोंद दुसरीकडची आहे.

शेकौमध्ये १९७९ ला औद्योगिक वसाहतीची सुरुवात झाली. ‘वेळ म्हणजे पैसा, कार्यक्षमता म्हणजे जीवन’ हा तिथला गाजलेला फलक. जवळच जपानी वास्तुकार फुमिहिको माकी यांचं सी वर्ल्ड कल्चर अँड आर्ट्स सेंटर, २०१७ चं: तीन मोठे डोळे, एक समुद्राकडे, एक डोंगराकडे, एक शहराकडे. गच्ची सगळ्यांना खुली असते, पायऱ्यांवर बसून चहा घ्या.

सहावा दिवस बोळांचा. शहर वाढलं तेव्हा सरकारने गावांची शेती घेतली, गावठाण गावकऱ्यांकडे राहिलं. शेतकरी शेतीविना उरला, पण घराची जागा होती. त्याने सहा-सात मजले चढवले आणि प्रत्येक मजल्यावर खोल्या पाडून भाड्याने दिल्या. गिरणगावात चाळी मालकाने बांधल्या, इथे शेतकरीच चाळमालक झाला. शेजाऱ्यानेही तेच केलं, म्हणून दोन इमारतींमध्ये इतकंच अंतर उरलं की खिडकीतून हात बाहेर काढून समोरच्याशी हस्तांदोलन करावं. नावच ‘वोशौलौ’, हस्तांदोलन-घर. अशा वस्तीला म्हणतात ‘छंगझोंगत्सुन’, शहरातलं गाव.

नानतौपासून सुरुवात करा. सतराशे वर्षांचा इतिहास सांगणारं हे तटबंदीचं गाव, आतून मात्र हस्तांदोलन-घरांनी भरलेलं. २०१७ मध्ये शेनझेन-हाँगकाँगचं नगररचना आणि वास्तुकला द्वैवार्षिक प्रदर्शन इथे भरलं. क्युरेटरांपैकी ल्यू शियाओदू आणि मेंग यान हे ‘अर्बनस’ या शेनझेनमध्येच १९९९ साली सुरू झालेल्या संस्थेचे वास्तुकार. शहरातली गावं पाडायची नसतात, त्यांच्यात काम करायचं असतं, हे त्यांचं म्हणणं वर्षानुवर्षांचं. त्यानंतर मुख्य रस्ता सजला, कॉफी आली, भाडी चढली. मुख्य रस्ता पंधरा मिनिटांत उरका आणि बाजूच्या बोळात वळा.

बोळात कसं बघायचं:

दोन्ही हात पसरा. दोन्ही भिंतींना लागले तर तेवढंच अंतर वहीत लिहा. मग मान वर करा आणि दिसणारं आकाश बोटांनी मोजा. तळमजल्याच्या दाराशी विजेच्या मीटरांची पाटी असते, मीटर मोजले की खोल्या कळतात. आम्ही एका दाराशी एकेचाळीस मोजले. लाल कागदावर ‘चूझू’ लिहिलेलं दिसलं तर ते ‘भाड्याने देणे आहे’. खाली ‘दानफांग’ म्हणजे एक खोली. ही दोन-चार चिनी चिन्हं कार्डावर छापून प्रत्येकाच्या खिशात द्या, माणसं लहान मुलांसारखी शोधत सुटतात. तळमजल्यावर काय चालतं ते लिहा: न्हावी, शिवणयंत्र, पार्सलांचा ढीग, हुनानचं तिखट जेवण, सिचुआनचं जेवण. कुठल्या प्रांतातली माणसं राहतात ते खानावळीच्या पाट्यांवरून कळतं. उघड्या दारातून कुणाच्या खोलीचा फोटो काढायचा नाही, वाळत घातलेल्या कपड्यांचाही नाही. आणि ‘किती घाण’ किंवा ‘किती गोड’ यांपैकी काहीही मोठ्याने बोलायचं नाही, आवाजाचा सूर सगळ्या भाषांत कळतो.

दुपारनंतर बायशीझौला फक्त जाऊन या. एकेकाळी लाख-दीड लाख भाडेकरू असलेली ही वस्ती २०१९ पासून रिकामी करून पाडली गेली. आता तिथे बुरूज उठले आहेत. फाटकासमोर उभं राहून ग्वांगझूच्या लीडे गावाची वहीतली ओळ पुन्हा वाचा. शेजारीच जगभरच्या स्मारकांच्या प्रतिकृतींची ‘विंडो ऑफ द वर्ल्ड’ बाग आहे, गटातलं कुणीतरी हट्ट करेल. जाऊ द्या त्यांना, पण संध्याकाळी.

सातव्या दिवशी फुतियान, शहराचा मध्यवर्ती भाग. ओएमए या डच वास्तुसंस्थेचं शेअर बाजाराचं मुख्यालय, ज्याचा तळाचा भाग ३६ मीटर उचलून हवेत धरलाय, आणि कूप हिमेलब्लाउ या ऑस्ट्रियन संस्थेचं नगरनियोजन प्रदर्शनाचं संग्रहालय ही दोन्ही तासाभरात बाहेरून पाहून होतात. ५९९ मीटरचा पिंग आन टॉवर दुरूनच चांगला दिसतो. खरा वेळ श्वेवेई गावाला द्या. तिथे २९ हस्तांदोलन-घरं न पाडता त्यांच्या ५०४ लहान भाड्याच्या खोल्या केल्या, इमारती पुलांनी जोडल्या, रंगीत लिफ्ट बसवल्या, गच्च्यांवर बागा केल्या. तरुण नोकरदार राहतात. आमचे सुपरवायझर जुन्या स्लॅबला पूल कसा अडकवला ते बघत उभे राहिले, ताईंनी दुभाष्याला विचारलं की आधी या खोल्यांत जे राहत होते ते कुठे गेले. दोन्ही प्रश्न घेऊनच तिथून निघा.

शेवटच्या सकाळी दाफेन. १९८९ मध्ये ह्वांग जियांग हे चित्रकार-व्यापारी हाँगकाँगहून वीसेक कारागीर घेऊन इथे आले आणि हे खेडं जगाला तैलचित्रांच्या नकला पुरवू लागलं. बोळाच्या भिंतीला टेकून माणसं रंगवत असतात. अर्बनसने २००७ मध्ये त्याच वस्तीच्या मधोमध कला संग्रहालय बांधलं, आणि नकलांच्या गावाला संग्रहालय कशाला, हा वाद तेव्हापासून चालू आहे. एखादं चित्र विकत घ्या, पण नकलेऐवजी त्या चित्रकाराचं स्वतःचं मागा. असतं, आत ठेवलेलं असतं.

जेवणाबद्दल

मंचुरियन मिळणार नाही. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, पण नुसतं ‘भाजी’ म्हणून मागवू नये. भाजीत डुकराची चरबी किंवा कालवांचा सॉस असू शकतो, सूप बहुधा हाडांचंच. ‘वो छ सू’ हे तीन शब्द पाठ करा: मी शाकाहारी जेवतो. बौद्ध शाकाहारी खानावळी शोधा, त्यांत कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आमच्यातल्या जैन मावशी सगळ्यांत सुखी होत्या. गरम पाणी स्टेशनवर, गाडीत, हॉटेलात फुकट मिळतं. चहा-साखर-दूध पावडर आणि थर्मास घेऊन जा. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं प्रत्येक गटात निघतंच, सांगायची गरज नाही.

परतल्यावर

तीन आठवड्यांच्या आत एकदा भेटा, नंतर जमत नाही. फोटोंचा स्लाइडशो नको. प्रत्येकाने एका घराचा नकाशा हाताने काढून आणायचा: खोलीची लांबी-रुंदी, खिडकी कुठे, पाणी कुठे, कोण राहतं, भाडं कुणाला जातं, पैसा कुठून आला. मिंगशी लौ आला, नानतौची खोली आली, श्वेवेई दोघांनी काढलं. देवरुखच्या काकूंनी चीनमधलं घर काढलंच नव्हतं. त्यांनी काळाचौकीची दहा बाय बाराची खोली काढून आणली होती, सासऱ्यांच्या वेळची, एका भिंतीला सतरा खुंट्या. प्रत्येक खुंटीखाली वाडीतल्या एकेका घराचं नाव लिहिलं होतं.